व्रण आणि विस्मृती

बंदिस्त पुंजव्यवस्था 'आपला आरंभ विसरते' असे भौतिकविज्ञानात म्हटले जाते, तेव्हा 'विसरणे' हे क्रियापद कोणत्या अर्थाने योजलेले असते? पुंजयामिकीच्या नियमांनुसार अशा व्यवस्थेतून काहीच नष्ट होत नाही. आरंभस्थितीचा तपशील कणाकणांच्या परस्परगुंतणीत पसरत जातो, आणि मोजक्याच कणांकडे पाहू शकणाऱ्या निरीक्षकाला तो वाचता येत नाही. त्याला दिसते ते केवळ ऊष्मीय समतोलाचे एकसुरी रूप. विस्मृती येथे संहितेची नसते, वाचकाच्या आवाक्याची असते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डमधील प्रयोगात रुबिडियमच्या ५१ अणूंची साखळी मात्र वेगळी वागली. एकाआड एक अणू उद्दीपित, अशा रचनेपासून आरंभ केल्यावर ती समतोलात विरून न जाता त्या रचनेकडे पुनःपुन्हा परतत राहिली. पुढील वर्षी या वर्तनाला 'व्रण' हे नाव मिळाले. एरिक हेलर यांनी १९८४ साली एकाच कणाच्या संदर्भात योजलेल्या रूपकाचा हा विस्तार होय.

शब्द समीक्षकाला भुरळ घालणारा आहे. जखम, साक्ष, प्रतिकार या अर्थवलयांमुळे सपाटीकरणाविरुद्ध उभी ठाकलेली स्मृती असे त्याचे वाचन सहज होते. ते वाचन उतावीळ आहे. त्याच साखळीत सर्व अणू अनुद्दीपित ठेवून आरंभ केला, तर ती लवकरच समतोलाला पोहोचते. नियम तेच, आदर्श प्रतिमानात ऊर्जाही तीच. शेजारचे दोन अणू एकाच वेळी उद्दीपित होऊ शकत नाहीत हे बंधन पाळूनही ५१ अणूंच्या सुमारे ५,३०० कोटी रचना संभवतात. व्रणांकित ऊर्जास्थिती मात्र पन्नासाच्या आसपास. एकाआड एक ही मांडणी त्या मोजक्या स्थितींशी जुळते, म्हणून टिकते. तिने काही सोसलेले नाही. (शिवाय ती निवडली प्रयोगकर्त्यांनीच.)

टिकलेल्या साक्षीला निव्वळ टिकण्याबद्दल नैतिक अधिकार बहाल करण्याची सवय वाङ्मयेतिहासाला आहे. साखळीत विरून गेलेल्या रचनेचा तपशीलही असतोच. तो वाचण्यासाठी सर्व अणूंकडे एकत्र पाहावे लागते, आणि अणूंची संख्या वाढते तसे ते दुःसाध्य होत जाते. या दुःसाध्यतेला अभाव म्हणण्यात अन्याय आहे. अर्थात, साम्य फार ताणता येत नाही. जळालेल्या पोथीचा धूर दालनाबाहेर जातो. आणि प्रत्यक्ष साखळीदेखील काही मायक्रोसेकंदांपुरतीच बंदिस्त मानता येते.