जाती, व्यक्ती आणि देवमाशाचे मांस

मांसाच्या कापलेल्या तुकड्याला ना डोके असते, ना पर. तो कोणत्या देवमाशाचा, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचा निर्णय १९८६ मध्ये अमलात आला. त्यानंतरही जपानने संशोधनाच्या नावाखाली मिंक देवमाशांची शिकार चालू ठेवली आणि त्यांचे मांस बाजारात विकले जात राहिले. त्या मांसाआड दुसरे काही विकले जाते का, हे तपासण्यासाठी जीवशास्त्रज्ञ स्कॉट बेकर आणि स्टीफन पालुम्बी यांनी १९९३ मध्ये तिथल्या बाजारातील नमुने घेतले. संरक्षित प्राण्याचे मांस परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून हॉटेलच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली गेली. पीसीआर तंत्राने डीएनएच्या एका भागाच्या असंख्य प्रती तयार झाल्या. मांस तिथेच राहिले, प्रती बाहेर गेल्या. फिन आणि हंपबॅक या संरक्षित देवमाशांचे मांस विकले जात असल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रत म्हणजे देवमासा नव्हे. ती रसायनांपासून घडते. प्राण्याकडून तिच्यात येतो तो केवळ घटकांचा क्रम. हा क्रम म्हणजे जातीही नव्हे. न्यायदर्शनातील जाती नित्य असते, जीवशास्त्रातील जाती ही बदलत जाणारी वंशपरंपरा असते. क्रम हे तिचे लिंग, म्हणजे खूण. धुरावरून अग्नी ओळखावा तसे हे अनुमान आहे आणि त्याची व्याप्ती, म्हणजे खूण आणि जाती यांचा कायमचा संबंध, खात्रीच्या नमुन्यांच्या संग्रहावर उभी असते. संग्रहातले नाव चुकले, तर निष्कर्षही चुकतो.

जाती कळली तरी गुन्हा सिद्ध होतोच असे नाही. मिंकचे मांस परवानगीच्या शिकारीचे असू शकते, चोरट्या शिकारीचेही. तिथे प्रश्न व्यक्तीचा, म्हणजे नेमक्या त्या एका प्राण्याचा होतो. नॉर्वेत मारलेल्या प्रत्येक मिंकच्या डीएनएची नोंद ठेवली जाते ती यासाठीच. बाजारातला तुकडा नोंदीतल्या एकाही प्राण्याशी जुळला नाही, तर तो वैध शिकारीतला नाही असा संशय बळावतो.

तरीही या प्राण्याला मारू नये, हे कोणत्याही क्रमात लिहिलेले नसते. चाचणी 'हे काय आहे' एवढेच सांगते. 'काय करावे' हे माणसांनी ठरवायचे असते. पण उल्लंघन ओळखताच येत नसेल, तर ठरवलेला नियम कागदावरच राहतो आणि समुद्रातला जीव असुरक्षितच असतो. म्हणून ज्ञान धर्माची जागा घेत नसले, तरी धर्म पाळला गेला की मोडला गेला, हे त्याच्यावाचून कळत नाही.