दुखत नाही त्या दिवशी

अर्धशिशीचा हिशेब आपण झटक्यांत मांडतो. महिन्यात कितीदा उठली, किती तास टिकली, कोणती गोळी लागू पडली. मधले दिवस निरोगी समजून सोडून देतो. घरचेही म्हणतात, "आज डोकं दुखत नाहीये ना? मग दिव्याचा त्रास कसला?"

एक जुनी चाचणी आहे. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी दाखवायच्या, त्यांतला काळा-पांढरा रंग सतत पालटायचा आणि डोक्याला मागून लावलेल्या इलेक्ट्रोडनी मेंदूचा प्रतिसाद मोजायचा. सर्वसाधारणपणे तो हळूहळू मंदावतो. रुळांलगत राहणाऱ्याला लोकल ऐकू येईनाशी होते, तसा. बेल्जियममधल्या लिएजच्या ज्याँ शोनेन यांच्या गटाला १९९०च्या दशकात अर्धशिशीच्या रुग्णांत, झटका नसताना, हा उतार दिसला नाही. गंमत म्हणजे झटक्याच्या तोंडावर आणि झटक्यात प्रतिसाद पुन्हा चारचौघांसारखा होऊ लागतो, असंही त्यांना आढळलं. या आलेखापुरता माणूस आजारी असताना निरोगी दिसतो!

एवढा जागा मेंदू अधिक बारीक पाहत असेल, असं वाटेल. पण सैरावैरा हलणाऱ्या ठिपक्यांत काही ठिपके एकाच दिशेने सरकत असतील, तर ती दिशा ओळखायला या लोकांना सरासरी जास्त ठिपक्यांची एकजूट लागते. मला यातून एवढंच कळतं, की पाहण्यातलं निम्मं काम दुर्लक्ष करण्याचं आहे. ते जमलं नाही, तर जास्त उत्तेजनेतून जास्त दिसत नाही, गलका वाढतो. सरकत्या जिन्याच्या पायऱ्या, बारीक पट्ट्यांचा शर्ट, अगदी छापील ओळीही मग थरथरू लागतात.

अर्थात, चौकटींच्या चाचणीवर एकमत नाही. नॉर्वेत २०१३ साली रुग्ण कोण, हे मोजणाऱ्याला कळू न देता ती केली, तेव्हा फरक दिसलाच नाही. सरासरीतला फरक एकेका माणसाला लावताही येत नाही.

पण त्रास कमी करायला आलेख लागतोच कुठे? जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. ते जाणवत नाही, पण मेंदूपर्यंत पोचतं. ब्रिटनमध्ये आर्नल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली एका कार्यालयात उच्च वारंवारतेचे दिवे वापरून पाहिले. त्या दिव्यांखाली डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण सरासरी निम्म्याहून खाली आला. कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही आधी आपला आजार सिद्ध करावा लागला नव्हता.