न पाहिलेल्या लेकरासाठी



संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली एक स्त्री आपल्याला भेटते. तिने प्रभू येशूच्या वस्त्राला स्पर्श केला आणि ती बरी झाली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र त्याआधीचा तपशील आपण घाईने ओलांडतो. अनेक वैद्य करून झाले होते, होता नव्हता तो पैसा संपला होता आणि दुखणे उलट वाढलेच होते. (संत लूक स्वतः वैद्य होता असे परंपरा सांगते. हीच घटना लिहिताना त्याने वैद्यांना बरेच सांभाळून घेतले आहे!) ज्या घरात रक्ताचा कर्करोग शिरला, त्या घराला हा तपशील समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या धर्मग्रामातील असे एक घर आपण सर्व जाणता. नऊ वर्षांच्या मुलाला हा आजार झाल्याचे कळले तेव्हा आम्ही मिस्सानंतर आवाहन केले आणि आपण भरभरून दिलेत. कोणी साखरपुड्याचा खर्च कमी केला, भाजी विकणाऱ्या एका मावशींनी दिवसाचा गल्ला आणून दिला. मधे मुलगा सुधारला, शाळेतही जाऊ लागला. मग आजार उलटला. तो देवाघरी गेला तेव्हा जमलेल्या पैशांतील काही रक्कम शिल्लक होती. महिन्याभराने आईवडील ती घेऊन आमच्याकडे आले. "फादर, हे कोणाकोणाला परत करणार? या आजारावर जिथे शोध चालतो, तिथे द्या," आई म्हणाली.

पाळकीय परिषदेत यावर दोन मते पडली. आपल्या माणसांनी आपल्या माणसासाठी दिलेला पैसा बाहेर का जावा? उद्या गावात दुसरे कोणी आजारी पडले तर? प्रश्न रास्त आहे आणि खरे सांगायचे तर आमचाही कल आधी तिकडेच होता. समोर चेहरा असला की हात आपोआप खिशात जातो. संशोधनाला चेहरा नसतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक प्रश्न असे: जो समोर नाही, कदाचित अजून जन्मालाही आलेला नाही, त्याच्याप्रती आपले काही कर्तव्य असू शकते का? तेव्हा आम्ही तो परीक्षेपुरता सोडवला होता.

त्या मुलाच्या पाठीच्या मणक्यातून पिवळ्या रंगाचे एक औषध दिले जात असे. तो त्याला 'हळदीचे इंजेक्शन' म्हणे. त्या औषधाचे नाव मेथोट्रेक्सेट. आंध्रातील भीमावरमला १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील ज्या प्रयोगशाळेत संशोधन करीत, तिथून ही औषधे निघाली. त्यांच्यापैकीच एक, अमिनोप्टेरिन, बॉस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी १६ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतील १० मुलांत सुधारणा दिसली, पण ती काही काळच टिकली. तोवर हा आजार म्हणजे काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा खेळ असे. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. फार्बर यांच्या कामासाठी १९४८ मध्येच अमेरिकेत रेडिओवरून आवाहन झाले आणि सामान्य लोकांनी दोन लाखांहून अधिक डॉलर पाठवले. त्या पैशाने त्यांच्या ओळखीचे एकही मूल वाचले नसेल. पण आज श्रीमंत देशांत मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

आपल्याकडेही काम चालू आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रुग्णाच्याच रक्तातील संरक्षक पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवून, पुन्हा शरीरात सोडण्याचा उपचार विकसित केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. परदेशातील किमतीच्या सुमारे एक दशांशात तो उपलब्ध झाला. तरीही खर्च लाखांच्या घरात आहे. आणि मान्यता मिळाली ती १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी. आपला मुलगा नऊ वर्षांचा होता. औषध आणि त्याचे वय यांच्यामध्ये जे अंतर राहिले, ते फक्त संशोधनानेच कापता येते. आणि संशोधन म्हटले की दहा वाटा चालून पाहाव्या लागतात, त्यांतल्या नऊ बंद निघतात. बंद वाटेवर खर्च झालेला पैसा 'मुरला' असे म्हणणे आम्हांला पटत नाही.

परिषदेने अखेर आईवडिलांची इच्छा मान्य केली आहे. त्या रकमेत आपणही भर घालावी, अशी आमची विनंती आहे. येत्या रविवारी तिन्ही मिस्सांनंतर मागील दाराशी पेटी असेल. जमलेली रक्कम 'रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी' असा स्पष्ट उल्लेख करून धनादेशाने पाठवली जाईल आणि पावती सूचना फलकावर लावली जाईल. गावातील रुग्णांसाठीचा मदतनिधी वेगळा आहे, त्याला हात लागणार नाही. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांनी पेटीसमोरून रिकाम्या हाताने जाताना मुळीच संकोच करू नये.

पेटीजवळ मी बसले तर चालेल का, असे त्या आईने विचारले आहे. आम्ही हो म्हटले आहे.