मोडेन पण वाकणार नाही

‘मोडेन पण वाकणार नाही’ म्हणणाऱ्याचा आपल्याकडे केवढा मान! वाकणारा तो लाचार, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. डोंगरात सायकल हाणणाऱ्या माझ्या पुतण्याला टिकाऊ रिमा घ्यायच्या होत्या, तेव्हा मात्र हा तत्त्वाचा प्रश्न एकदम खिशाचा झाला.

त्याची चाकं ट्यूबलेस. ट्यूबच नाही, तेव्हा ती दगडाखाली चिमटून फुटायची भीती नाही. बारीकसारीक भोकं आत ओतलेला चीक बुजवतो. म्हणून हवा २०-२५ पौंडच ठेवतात. टायर वाटेला घट्ट धरून चालतो. पण मऊ टायर दबला की धोंडा थेट रिमच्या काठावर बसतो. आणि सह्याद्रीचा बेसाल्ट! तो कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

कार्बनची रिम महाग आणि मानी. लहानसहान टोल्यांना ती दाद देत नाही, चाक सहसा आउट होत नाही. पण तडकली की कारभार आटोपला. अ‍ॅल्युमिनियमची बिचारी पोचा खाते. फार खोल नसेल तर काठ हलकेच सरळ करावा, आरे आवळून आउट काढावा, हवा धरते का बघावं आणि निघावं. गावापासून दहा मैलांवर, ऊन चढलेलं असताना, मला तरी हीच स्वाभिमानी वाटेल.

पुतण्याने दोन्ही घेतल्या. पुढे कार्बन, मागे अ‍ॅल्युमिनियम.

“असं का रे?”

“काका, मार मागच्यालाच जास्त बसतो.”