वडिलांसाठी बाग

शांघायच्या गजबजलेल्या जुन्या बाजाराला लागून यू बाग आहे. मिंग काळातल्या पान युनदुआन या अधिकाऱ्याने म्हाताऱ्या वडिलांना विसावा मिळावा म्हणून १५५९ मध्ये ती बांधायला घेतली. पुढे सिचुआनला नेमणूक झाली, काम रखडले. १५७७ मध्ये त्याने पुन्हा हात घातला.

भिंती आणि वळणे अशी, की अख्खी बाग एका नजरेत दिसतच नाही. बाजारातून धावत आलेले पाय आपोआप मंदावतात. तिथला छिद्राछिद्रांचा उंच खडक प्रसिद्ध आहे. खाली ऊद जाळला, की प्रत्येक छिद्रातून धूर निघतो, असे सांगतात. मला मात्र त्या मुलाची चिकाटी खडकाहून मोठी वाटते. आईवडिलांसाठी तुमचेही काही राहून गेले असेल, तर आजच हाती घ्या.