सोमवार ते शुक्रवारचं काय?

२०२४ साली महाराष्ट्रात प्राथमिक शाळांविषयी दोन निर्णय झाले. फेब्रुवारीत ठरलं, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचं कारण. मार्चमध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. मला पहिला निर्णय अधिक मोलाचा वाटतो. बसच्या फेऱ्या, पालकांच्या नोकरीच्या वेळा, दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळा अशा अडचणी लगेच पुढे आल्या, कारण त्याने वेळापत्रकालाच हात घातला. मुलांसाठी मोठ्यांनी आपली सोय बाजूला ठेवावी, अशी मागणी त्यात होती. शनिवारच्या उपक्रमांत ती नाही. योग, ध्यान, खेळ झाले तरी उरलेले पाच दिवस होते तसेच राहू शकतात.

शाळेला मूल खरोखर कळलं की अभ्यासक्रम आणि वेळापत्रक दोन्ही बदलावे लागतात. कोसबाडला ते घडलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवरची मुलं शाळेकडे फिरकत नव्हती. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. या दोघींनी मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिलं. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, मुलगा गुरं घेऊन रानात जातो. घंटा वाजवली म्हणून ती येणार कशी? मग पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरली. गुरं चरतात तिथे कुरणशाळा गेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली; भावंडाला पाळणाघरात ठेवलं की बहीण वर्गात बसू शकत होती. आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हेही शिक्षणच मानलं गेलं. माँटेसरीची महागडी साधनं आणायची कुठून? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. समता हा शब्द फळ्यावर येण्याआधीच ती त्या बहिणीच्या वाट्याला आली होती.

आपल्याकडे परिपाठात रोज सुविचार वाचला जातो, प्रतिज्ञा होते. त्याला माझा विरोध नाही. पण ‘नेहमी खरे बोलावे’ असं वाचून वर्गात गेलेलं मूल गणिताच्या तासाला ‘मला नाही समजलं’ म्हणतं आणि सगळ्यांसमोर बोलणी खातं, तेव्हा त्या दिवशीचं मूल्यशिक्षण तिथेच होऊन जातं. पुढच्या वेळी ते मान डोलावतं. घरच्या बोलीत उत्तर दिलं म्हणून हसं झालेलं मूल तर कित्येक दिवस तोंडच उघडत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मारहाण आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. मूल भयमुक्त असावं, त्याला मोकळेपणी बोलता यावं, ही अपेक्षा त्याच कायद्याने अभ्यासक्रमाकडून ठेवली आहे. म्हणजे निर्भयता हा भाषेच्या, गणिताच्या तासाचाच भाग आहे.

यावर शिक्षकांचं म्हणणं मी अनेकदा ऐकलं आहे आणि ते खरं आहे. शाळेत साठपर्यंत मुलं असली की दोनच शिक्षक; चार-पाच इयत्ता त्यांनीच सांभाळायच्या. शिवाय निवडणुकीची कामं आणि मागितली की तातडीने पाठवायची माहिती. स्वतः सतत धास्तावलेला शिक्षक मुलांना निर्धास्त कसा ठेवणार? मुलांच्या मनःस्वास्थ्याबद्दल बोलणाऱ्या शासनाने आधी त्याच्या पाठीवरचं हे ओझं उतरवलं पाहिजे. त्याला आणखी एक उपक्रम आणि त्याचा अहवाल देऊन काही साधणार नाही.

पालकांच्या हातीही पुष्कळ आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. त्या बैठकीत बांधकाम आणि पोषण आहार यांच्यापुढे चर्चा क्वचितच जाते. मूल चुकलं तर वर्गात काय होतं, लघवीला जायला त्याला किती वेळा हात वर करावा लागतो, पहिलीत घरची बोली चालते का, वाचता न येणाऱ्या मुलाला कुठे बसवतात, हेही तिथे विचारता येतं. शिक्षकाला धारेवर न धरता, त्याच्या शेजारी बसून विचारता येतं.