आक्रोश कोणाला उद्देशून? मेटलकोर, पॉप पंक आणि श्रद्धेचा प्रश्न

मेटलकोर आणि पॉप पंक या दोन्ही संगीतप्रकारांचे मूळ पंक रॉकमध्ये आहे. मेटलकोरने हार्डकोर पंकला मेटलच्या जड रिफची जोड दिली. पॉप पंकने पंकचा वेग कायम ठेवून त्यावर चटकन ओठांवर येणाऱ्या चाली चढवल्या. अमेरिकेत 1990च्या दशकापासून या दोन्ही प्रकारांत ख्रिस्ती श्रद्धा बाळगणाऱ्या बँडची एक फळीच उभी राहिली. ब्रँडन एबेल यांनी 1993 साली सुरू केलेल्या आणि पुढे सिअॅटलमध्ये स्थिरावलेल्या ‘टूथ अँड नेल’ या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घर दिले. जड संगीतासाठी तिने ‘सॉलिड स्टेट’ ही शाखा काढली. ‘एमएक्सपीएक्स’ हा पॉप पंक बँड आणि ‘अंडरओथ’ हा मेटलकोर बँड याच वाटेने पुढे आले. त्यांच्याबरोबर एक प्रश्नही आला. संतापाने किंचाळून म्हटलेले, देवाविषयी शंका घेणारे गाणे धार्मिक असू शकते का?

या प्रश्नाची उत्तरे साधारणपणे तीन कसोट्यांवर दिली जातात. पहिली कसोटी कलावंताच्या श्रद्धेची: गाणारा ख्रिस्ती असेल, तर गाणे ख्रिस्ती. दुसरी शब्दांची: गीतात देवाचे नाव किंवा बायबलमधला विचार असला पाहिजे. तिसरी परिणामाची: ऐकणाऱ्याची श्रद्धा बळकट झाली पाहिजे. तिन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. श्रद्धाळू माणसाची प्रत्येक कृती उपासना नसते. देवाचे नाव सवयीनेही घेता येते. आणि एकाच गाण्याने एकाला धीर येतो, तर दुसरा त्याने अस्वस्थ होतो.

अधिक पक्की कसोटी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत सापडते. तिच्यातल्या 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. जर्मन अभ्यासक हर्मन गुंकेल यांनी त्यांना स्वतंत्र प्रकार म्हणून ओळख दिली. या स्तोत्रांत देवाला जाब विचारला जातो, तो लपून बसला आहे असे गाऱ्हाणे मांडले जाते आणि बहुतेकदा शेवटाकडे सूर भरवशाकडे वळतो. तेरावे स्तोत्र या वळणाचा उत्तम नमुना आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात मात्र हे वळण येतच नाही. ते अंधारातच संपते. तरीही ते पवित्र ग्रंथात आहे, कारण त्यातला आक्रोश देवालाच उद्देशून आहे. हीच ती कसोटी. अमेरिकी अभ्यासक वॉल्टर ब्रुगेमन यांनी 1984 साली स्तोत्रांची मांडणी तीन अवस्थांत केली: जग सुस्थिर वाटण्याची, ते कोसळण्याची आणि नव्याने उभे राहण्याची. उपासनेतून कोसळण्याची अवस्था वगळली, तर श्रद्धा खोटी पडते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

मेटलकोरची घडण या विलापाला विलक्षण अनुकूल आहे. कडव्यात किंचाळी आणि कोरसमध्ये स्वच्छ गायन ही त्याची रूढ रचना. अंडरओथच्या ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ (2006) या अल्बममध्ये स्पेन्सर चेंबरलेन यांच्या किंचाळीला ड्रमर एरन गिलेस्पी यांचा स्वच्छ आवाज उत्तर देतो. गाऱ्हाणे आणि भरवसा असे दोन आवाजांत वाटले जातात. ब्रेकडाऊनमध्ये लय अचानक मंद आणि जड होते, चाल थांबते आणि केवळ आघात उरतात. कोसळण्याची अवस्था इथे शब्दांवाचून ऐकू येते.

याच बँडच्या ‘इरेझ मी’ (2018) या अल्बमने चाहत्यांत फूट पाडली. तोपर्यंत बँडने ‘ख्रिस्ती’ ही ओळख सोडली होती आणि या अल्बमच्या गीतांत शिवीही आली. काहींना हा विश्वासघात वाटला, तर काहींना हाच बँडचा सर्वांत प्रामाणिक अल्बम वाटला. विलापाच्या कसोटीवर दोन्ही मते घाईची ठरतात. शिवीमुळे गाणे अधार्मिक होत नाही आणि केवळ प्रामाणिकपणामुळे ते प्रार्थनाही होत नाही. ज्याच्याशी नाते तुटले त्यालाच उद्देशून बोलत राहणे ही श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्या सीमेवरची अवस्था आहे. तिला तिथेच राहू देणे न्यायाचे.

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या ‘आर्किटेक्ट्स’ या बँडचा ‘होली हेल’ (2018) हा अल्बम या सीमेच्या पलीकडचा आहे. गिटारवादक आणि प्रमुख गीतकार टॉम सर्ल ऑगस्ट 2016 मध्ये कर्करोगाने वारले. त्यांचे जुळे भाऊ, ड्रमर डॅन सर्ल, यांनी या अल्बमची गीते लिहिली. वळणाविना अंधारात संपणाऱ्या स्तोत्राइतकेच हे दुःख खोल आहे, पण ते कोणत्याही देवापुढे मांडलेले नाही. ते माणसांनी माणसांपुढे केलेले शोकगान आहे. त्याला छुपी प्रार्थना म्हणणे म्हणजे न मानणाऱ्याच्या तोंडी आपला देव घालणे, आणि हा त्या दुःखाचा अवमान आहे.

पॉप पंकमध्ये विलापाऐवजी पश्चात्ताप आणि कृतज्ञता यांना अधिक वाव मिळतो. ओहायोच्या ‘रिलायंट के’ बँडच्या ‘म्‌हम्’ (2004) या अल्बममधले ‘हू आय अॅम हेट्स हू आय्‌व्ह बीन’ हे गाणे स्वतःच्या गतवर्तनाच्या तिटकाऱ्याविषयी आहे. बायबलमध्ये पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायातला अंतर्विरोधही असाच आहे: जे करू नये वाटते, तेच हातून घडते. उड्या मारायला लावणाऱ्या चालीत ही कबुली बसते, कारण क्षमेचा आनंद तिच्यातच सामावलेला असतो. ‘द वंडर इयर्स’ या पॉप पंक बँडचा ‘द हम गोज ऑन फॉरएव्हर’ (2022) हा अल्बम मात्र देवाकडे वळत नाही. नैराश्याशी झगडणाऱ्या बापाची मुलांप्रतीची जबाबदारी हाच तिथे जगण्याचा आधार आहे.

म्हणून या संगीताचा धार्मिक निवाडा बँडला लावलेल्या नावावरून करता येत नाही. आवाज किती कर्कश आहे किंवा शेवट किती आशादायी आहे, यावरूनही तो होत नाही. आक्रोश कोणाला उद्देशून आहे, हे पाहावे लागते. देवाला उद्देशून असेल, तर घोर संशयही उपासनेच्या आत येतो. माणसांना उद्देशून असेल, तर तो माणसांचा शोक म्हणूनच पूर्ण आदराने ऐकायचा असतो.